अ‍ॅन फ्रँकची दैनंदिनी आणि पालकी वाचनाचा अधिकार

१

अ‍ॅन फ्रँकच्या दैनंदिनीचे एक विशिष्ट वाचन सुशिक्षित मध्यमवर्गात रूढ झालेले आहे. त्याला 'पालकी वाचन' असे नाव देता येईल. मूल बारा-तेरा वर्षांचे झाले की हे पुस्तक घरात येते. आई-वडील आधी ते स्वतः वाचतात आणि मग मुलाच्या हाती देतात. स्वतः वाचताना त्यांना या वयातल्या मुलांच्या मनात काय चालते ते जाणून घ्यायचे असते. मुलाला देताना मात्र एवढ्या संकटातही ती मुलगी किती समजूतदार आणि आशावादी राहिली हे बजावायचे असते. एकाच पुस्तकाकडून अशी दोन कामे करून घेतली जातात: पालकासाठी टेहळणी आणि मुलासाठी उपदेश. या दोन्ही कामांत लेखिका मात्र नाहीशी होते.

या वाचनाला समीक्षेने आजवर गंभीरपणे हात घातलेला नाही. कलावादी भूमिका घेणारा समीक्षक अशा वाचनाला साहित्यबाह्य ठरवून मोकळा होतो; जीवनवादी समीक्षक 'पुस्तकाने माणूस घडतो' एवढ्या समाधानावर थांबतो. पहिल्याला हा प्रश्न क्षुद्र वाटतो, तर दुसऱ्याला तो सुटलेला वाटतो. वस्तुतः प्रश्न संहितेच्याच अंगाने उपस्थित होतो. ही दैनंदिनी कुणी वाचावी, कुणी वाचू नये, कोणता भाग कुणापासून झाकावा आणि कुणासमोर उघडावा या प्रश्नांनीच तिची घडण झालेली आहे. आई-बाप आणि मूल यांच्यातील वाचनाच्या अधिकाराचा झगडा या संहितेच्या प्रत्येक अवस्थेत दिसतो. तेव्हा या पुस्तकाचा पालकपणावर काही परिणाम व्हायचा असेल, तर तो संहितेच्या या इतिहासाला सामोरे गेल्यावरच होईल. त्याला वळसा घालून काढलेला बोध हा पुस्तकाचा बोध नसतो. पालकाने आधीच बाळगलेल्या मताला पुस्तकाची सही घेतलेली असते.

२

पालकी वाचनाचे पहिले गृहीतक असे, की दैनंदिनी म्हणजे कोवळ्या मनाचा थेट, असंस्कारित उद्गार. संहितेचा इतिहास हे गृहीतक टिकू देत नाही. १२ जून १९४२ रोजी तेराव्या वाढदिवसाला मिळालेल्या वहीत अ‍ॅनने लेखनास आरंभ केला. ६ जुलै १९४२ रोजी फ्रँक कुटुंब अ‍ॅम्स्टरडॅममधील २६३, प्रिन्सेनग्राख्ट या इमारतीच्या मागील भागात लपण्यासाठी गेले. पुढे तेथे एकूण आठ माणसे राहिली. २८ मार्च १९४४ रोजी लंडनहून होणाऱ्या डच प्रक्षेपणात बोल्केस्टाइन या मंत्र्यांनी युद्धकाळातील रोजनिश्या आणि पत्रे जपून ठेवण्याचे आवाहन केले. त्यानंतर, मे १९४४ पासून, अ‍ॅनने आपली दैनंदिनी सुट्या कागदांवर पुन्हा लिहावयास घेतली. युद्ध संपल्यावर 'हेट आख्टरहाउस', म्हणजे 'मागचे घर', या नावाने पुस्तक प्रसिद्ध करण्याचा तिचा मानस होता. दोनशेहून अधिक सुटे कागद तिने लिहिले. काही नोंदी गाळल्या, काही जोडल्या, काहींचा सूर बदलला. पीटरवरील प्रेमाचा बराच भाग तिने स्वतःच वगळला. अभ्यासक मूळ लेखनाला 'अ' आणि पुनर्लेखनाला 'ब' संहिता म्हणतात.

यातील एक तपशील विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. १९४३ या जवळजवळ संपूर्ण वर्षाच्या मूळ वह्या उपलब्ध नाहीत. त्या वर्षाविषयी जे काही वाचावयास मिळते ते सारे १९४४ मधील पुनर्लेखन आहे. 'चौदा वर्षांच्या मुलीचे मन कसे असते' याचा पुरावा म्हणून पालक ज्या नोंदींवर बोट ठेवतो, त्या नोंदी पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेल्या एका लेखिकेने एक वर्ष मागे वळून, निवड करून, वाचकाचा विचार करून लिहिलेल्या आहेत. त्यांत मन आहेच. परंतु त्या मनाने स्वतःला रूप दिलेले आहे.

मराठीच्या आदरार्थी रूपांनीही येथे एक साक्ष द्यावी. या पुस्तकाविषयी मराठीत लिहिताना ओट्टो फ्रँक 'म्हणाले', समीक्षक 'लिहितात', अ‍ॅन मात्र 'म्हणते' आणि 'लिहिते'. भाषेच्या रूढीपुढे इलाज नाही, आणि प्रस्तुत लेखही तीतून सुटलेला नाही. पण ही एकवचनी जवळीक केवळ वात्सल्याची नसते. तिच्यात लेखिकेचा मुलगी म्हणून ताबा घेतलेला असतो.

मग अ‍ॅनला वाचक हवा होता की नको होता? पालकी वाचनाला या दोन्ही शक्यता सोयीच्या वाटतात. तिला वाचक हवा होता, म्हणून वाचण्यात गैर नाही. आणि ती स्वतःशीच बोलत होती, म्हणून जे हाती लागले ते खरे. संहिता यापेक्षा काटेकोर उत्तर देते. 'किटी' या कल्पित मैत्रिणीला उद्देशून ती लिहिते. म्हणजे संहितेतील अभिप्रेत वाचक हा समवयस्क आहे. तो आई-बाप नाही. पुनर्लेखनात ती अनोळखी, भावी वाचकवर्गाला सामोरी जाते. तोही आई-बाप नाही. लेखिका म्हणून वाचले जाण्याची तिची इच्छा स्पष्ट आहे. मुलगी म्हणून वाचले जाण्यास तिने कोठेही संमती दिलेली नाही. हा भेद मानला नाही तर या पुस्तकाचे कोणतेही पालकी वाचन म्हणजे परवानगीवाचून उघडलेली वही ठरते.

३

ही संहिता हाती येण्यामागे न वाचण्याच्या तीन घटना आहेत, याकडेही दुर्लक्ष झालेले आहे. लपून राहण्याच्या काळात अ‍ॅनचे कागद ओट्टो यांच्या चामडी बॅगेत ठेवलेले असत. बॅग वडिलांची होती आणि ते बाजूलाच होते. तरी आतले कागद त्यांनी चाळले नाहीत. ४ ऑगस्ट १९४४ रोजी धाड पडली, तेव्हा कार्ल झिल्बरबाउअर या नाझी अधिकाऱ्याने मौल्यवान वस्तू भरून नेण्यासाठी तीच बॅग जमिनीवर उपडी केली. कागदांत त्याला रस नव्हता. ते कागद मीप गीस आणि बेप वोस्कुइल या मदतनीस स्त्रियांनी गोळा केले. मीप यांनी ते न वाचता खणात ठेवले. वाचले असते तर मदत करणाऱ्यांची नावे पाहून आपल्याला ते जाळावे लागले असते, असे त्यांनी पुढे सांगितले. एकाच्या न वाचण्यात विश्वास होता, दुसऱ्याच्या न वाचण्यात तुच्छता, तिसरीच्या न वाचण्यात मुलीचा हक्क राखून ठेवण्याची भावना. यांपैकी पहिल्या आणि तिसऱ्या कृतीत पालकपणाचा जो अर्थ आहे, तो शेकडो उपदेशपर टिपणांत सापडत नाही.

आठांपैकी एकटे ओट्टो जगले. दोन्ही मुलींच्या मृत्यूची खात्री पटल्यावर, १९४५ च्या जुलै महिन्यात, मीप यांनी ते कागद त्यांच्या हवाली केले. ते वाचल्यावर आपण ओळखत होतो त्या मुलीहून ही अ‍ॅन फार वेगळी आहे, तिच्या विचारांची खोली आपल्याला ठाऊकच नव्हती, आणि बहुतेक आई-बाप आपल्या मुलांना खऱ्या अर्थाने ओळखत नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी पुढे एका मुलाखतीत बोलून दाखविला. पालकी वाचन हे विधान मोठ्या आवडीने पुढे करते, आणि त्यातून उलटाच धडा घेते: 'म्हणून वेळीच ओळखून घ्या.' ओट्टो यांच्या विधानात हा आदेश नाही. मुलीशी निकटचे संबंध असलेला बापही तिला पुरता ओळखू शकला नाही, एवढीच ती कबुली आहे. तिला उपायाची जोड देणे हा वाचकाचा घाईचा व्यवहार आहे.

ओट्टो यांनी 'अ' आणि 'ब' मधून निवड करून तिसरी संहिता सिद्ध केली, आणि २५ जून १९४७ रोजी ती अ‍ॅनने योजलेल्या नावानेच प्रसिद्ध झाली. येथे बाप संपादक झाला. लैंगिकतेविषयीचे काही भाग गेले, पत्नीविषयीचे काही कठोर उद्गार गेले. उलट, अ‍ॅनने गाळलेला पीटरविषयीचा मजकूर त्यांनी परत घातला. या संपादनावर सरसकट कात्रीचा आरोप करणे सोपे आहे, परंतु न्याय्य नाही. मे १९४४ मध्ये अ‍ॅनने वडिलांना एक पत्र दिले होते. आपण आता स्वतंत्र आहोत, अडचणीच्या काळात तुम्ही कुणीही आपल्याला मदत केली नाही, असा त्याचा रोख होता. वडील त्या पत्राने अत्यंत दुखावले गेले होते. ते पत्र ओट्टो यांनी स्वतः छापले. स्वतःवरील आरोप राहू देणारा आणि मृत पत्नीवरील काही आरोप काढणारा हा संपादक आहे. त्याच्या निवडीत दुःख आहे, भीड आहे, धैर्यही आहे. पण शेवटचा शब्द बापाचा राहिला हे खरेच.

हंगेरियन भाषेतील एवा हेमान या तेरा वर्षांच्या मुलीची दैनंदिनी शेजारी ठेवली म्हणजे ओट्टो यांच्या संपादनाचे वेगळेपण अधिक उठून दिसते. १९४४ मध्ये आउशविट्झ येथे मारल्या गेलेल्या या मुलीची दैनंदिनी तिच्या आईने, आग्नेस झोल्ट यांनी, १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. पुस्तकाचे नाव होते 'एवा, माझी मुलगी'. मूळ हस्तलिखित आज उपलब्ध नाही. त्यामुळे मुलीचा शब्द कोठे संपतो आणि आईचा कोठे सुरू होतो हे ठरविता येत नाही. ओट्टो यांनी मुलीने दिलेले शीर्षक राखले आणि हस्तलिखितेही राखली. १९८० मध्ये त्यांच्या निधनानंतर ती नेदरलँड्सच्या युद्धविषयक दस्तऐवज संस्थेकडे गेली, आणि १९८६ मध्ये तिन्ही संहिता समोरासमोर मांडणारी चिकित्सक आवृत्ती निघाली. आपल्या संपादनाची तपासणी होऊ शकेल असा पुरावा या बापाने मागे ठेवला. पालकाच्या सत्तेची यापेक्षा मोठी मर्यादा कोणता पालक स्वतःवर घालून घेतो?

तरीही पाच पाने त्यांनी बाजूला काढली होती. १९९८ मध्ये ती उजेडात आली. त्यांत आई-वडिलांच्या वैवाहिक संबंधाविषयी मुलीचे निरीक्षण होते. आणि २०१८ मध्ये, तपकिरी कागद चिकटवून झाकलेली १९४२ मधील दोन पाने तांत्रिक साहाय्याने वाचली गेली. तो कागद बहुधा अ‍ॅननेच चिकटविला होता. बापाने झाकलेले उघडणे आणि मुलीने झाकलेले उघडणे या दोन कृती नीतीच्या दृष्टीने एक नव्हेत. पहिलीत लेखिकेला तिचा शब्द परत मिळतो. दुसरीत, संशोधनाच्या प्रतिष्ठित नावाखाली, घरोघरचे आई-बाप जे चोरून करतात तेच केले गेले आहे. संस्थांनी तिच्या वाङ्मयीन विकासाच्या अभ्यासाचा आधार दिला. पालक काळजीचा देतात.

४

पालकपणाच्या अंगाने या पुस्तकाचे सर्वांत कठोर वाचन ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६० मध्ये केले. १९३८-३९ मध्ये डाखाउ आणि बुखेनवाल्ड येथील छळछावण्या भोगलेल्या या बालमानसतज्ज्ञाचा आक्षेप असा, की पुस्तकाचे, १९५५ च्या नाटकाचे आणि पुढील चित्रपटाचे जगभर झालेले कौतुक हे वायुकोठड्या विसरण्याच्या इच्छेतून आलेले आहे. फ्रँक कुटुंबाने संकटातही नेहमीचे खाजगी आयुष्य चालू ठेवण्याचा हट्ट धरला. बापाने मुलींना शालेय विषय शिकविले, निसटून जाण्याची युक्ती शिकविली नाही. मुलांना वेगवेगळ्या घरांत लपविले असते तर ती वाचण्याचा संभव अधिक होता.

कौतुकावरील त्यांचा आक्षेप मान्य करावा लागतो. माणसांच्या मनाच्या चांगुलपणावरील विश्वासाचे जे वाक्य नाटकाने शेवटी वाजविले, ते मूळ दैनंदिनीत १५ जुलै १९४४ च्या नोंदीत येते, आणि त्याच नोंदीत जवळ येत असलेल्या विनाशाचे आणि लाखोंच्या यातनांचे भान आहे. तीन आठवड्यांच्या आत तिला अटक झाली. १९४५ च्या आरंभी, फेब्रुवारी किंवा मार्चमध्ये, ती बेर्गेन-बेल्सेन येथे मरण पावली. भिंतीवर लावलेल्या त्या एका वाक्यातून मुलांना सकारात्मकतेचे पाठ देणारा पालक हा बेटलहाइम यांच्या टीकेचा नेमका विषय आहे.

परंतु बापावरील आरोप मात्र ग्राह्य धरता येत नाही. ओट्टो यांनी अमेरिकेत स्थलांतरासाठी आटोकाट प्रयत्न केल्याची कागदपत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. क्यूबाचा एक परवाना १९४१ च्या डिसेंबरमध्ये मिळाला आणि काही दिवसांतच रद्द झाला. दारे बाहेरून बंद होती. बेटलहाइम यांना हे पुरावे उपलब्ध नव्हते हे खरे. पण पुराव्याच्या अभावी मृत कुटुंबाच्या बापाला दोषी धरण्याची घाई ही पालकी वाचनाचीच तज्ज्ञ आवृत्ती आहे. मुलाचे काही बरेवाईट झाले की घरातल्यांची चूक शोधायची ही सवय गुन्हेगाराला मोकळे सोडते. मूल घरातून दूर पाठविण्याच्या सल्ल्याचे उत्तर त्याच मागच्या घरात होते. दैनंदिनीत ज्यांचे चित्रण टिंगलीच्या सुरात येते त्या फ्रिट्स फेफर यांनी आपल्या मुलाला इंग्लंडला पाठविले होते. मुलगा जगला, बाप १९४४ च्या डिसेंबरमध्ये नॉयएनगाम येथे मेला. हे उदाहरण बेटलहाइम यांच्या बाजूचे वाटेल, आणि काही अंशी ते आहेही. पण मुलाला पाठवू शकणे ही काही थोड्यांना मिळालेली संधी होती. नेदरलँड्समधील सुमारे तीन-चतुर्थांश ज्यू मारले गेले. एवढ्या आई-बापांचे पालकत्व चुकले होते असे कुणी म्हणणार नाही. वंशहत्येतून पालकत्वाचे यशापयश मोजता येत नाही. ते मोजू पाहणारे वाचन, मग ते स्तुतीचे असो वा निंदेचे, इतिहास गमावून बसते.

५

पालकी वाचनाचा सर्वांत मोठा अन्याय एडिथ फ्रँक यांच्यावर होतो. 'आई कशी नसावी' याचा नमुना म्हणून त्या वाचल्या जातात. मराठी वाचकाच्या बाबतीत याला एक खास कारण आहे. मराठीत आई आणि मूल यांच्या संबंधाची प्रमाणसंहिता 'श्यामची आई' ही आहे. साने गुरुजींनी ती १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, तेव्हा आई जाऊन अनेक वर्षे लोटली होती. प्रौढ मुलाने, मृत आईविषयी, कृतज्ञतेने केलेले ते स्मरण आहे. अ‍ॅनची दैनंदिनी याच्या नेमकी उलट स्थितीत लिहिली गेली: आई शेजारच्या खोलीत आहे, मूल रागावलेले आहे, आणि माघारी वळून पाहण्यास काळाचे अंतर नाही. स्मरणसंहितेचे निकष रोजनिशीला लावले की मुलगी कृतघ्न ठरते किंवा आई अपात्र. दोन्ही निर्णय वाङ्मयप्रकाराच्या अज्ञानातून येतात.

दैनंदिनीनेच या निर्णयावर फेरविचार केलेला आहे. २ जानेवारी १९४४ रोजी अ‍ॅन आपली जुनी पाने वाचते, आईविषयी आपण लिहिलेल्या शब्दांनी चपापते आणि स्वतःचा उतावीळपणा ओळखते. आईशी तिचे पूर्ण जुळले असे नाही. पण निर्णयात दुरुस्ती झाली. ही दुरुस्ती कुणी समजावल्यामुळे झालेली नाही. ती शक्य झाली, कारण आधीचा राग कागदावर जसाच्या तसा उरला होता आणि तो अन्य कुणी वाचून त्याचा जाब विचारला नव्हता. मुलाला स्वतःची चूक स्वतः सापडावी यासाठी ती चूक काही काळ सुरक्षित राहावी लागते.

डी. डब्ल्यू. विनिकॉट यांनी १९६३ च्या आपल्या निबंधात एका स्त्रीची आठवण नोंदविली आहे. नवव्या वर्षी तिची एक खाजगी वही होती. तीत ती कविता आणि सुभाषिते उतरवी. आईने एकदा विचारले, हे वचन तुला कोठे मिळाले? प्रश्न साधा होता, कौतुकाचाही असेल. पण त्यातून आईने वही वाचल्याचे कळले. विनिकॉट यांचे त्यावरील मत मार्मिक आहे: आईने वाचून काही न बोलता राहिली असती तर चालले असते. लपण्यात आनंद असतो आणि कुणालाच न सापडणे हा अनर्थ असतो, अशी त्यांची भूमिका आहे. मुलाला सापडू देणे आणि त्याला पकडणे यांत अंतर आहे, आणि पालकाचे सारे कसब त्या अंतरात आहे.

मागच्या घरात हे अंतर राखणे किती अवघड होते ते एका टेबलाच्या भांडणातून दिसते. अ‍ॅन आणि फेफर यांची खोली एक, टेबल एक. १९४३ च्या जुलैमध्ये तिने आठवड्यातून दोन दुपारी ते टेबल आणखी थोडा वेळ मागितले. फेफर यांनी नकार दिला. ओट्टो यांनी मध्यस्थी केली आणि तिला वेळ मिळवून दिला. तेथे बसून ती काय लिहिते हे त्यांनी पाहिले नाही. वाचनाचा अधिकार न गाजवता लेखनाची जागा मिळवून देणारा हा बाप पालकी वाचनात कोठेच येत नाही, कारण त्याच्या कृतीतून मुलाविषयी कसलीच माहिती हाती लागत नाही.

६

या पुस्तकाने पालकपणा घडू शकतो का, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. अट एवढीच, की पालकाने ते मुलाच्या मनाचा नकाशा म्हणून न वाचता आपल्या सत्तेचा इतिहास म्हणून वाचावे. मग त्यातून तो मुलाला काही सांगण्याऐवजी स्वतःच काही सोडून देईल: सगळे कळलेच पाहिजे हा आग्रह, कळलेल्याचा लगेच उपयोग करण्याची घाई, आणि मुलाच्या आजच्या शब्दाला कायमचा पुरावा समजण्याची सवय.

यावर असा प्रतिवाद होईल, की धोक्यात असलेल्या मुलाचे काय? काळजी हे कारण खरेही असू शकते. परंतु अपवादाच्या नावाने नियम मोडण्याची मुभा काळजीतून मिळत नाही. शिवाय या दैनंदिनीचा धोका घरातून आलेला नव्हता. तो जिन्यावरून, बंदूक घेऊन, बाहेरून आला.

शेवटी मार्गोटचा उल्लेख केला पाहिजे. अ‍ॅनहून तीन वर्षांनी मोठी, शांत, अभ्यासू, आई-वडिलांना त्रास न देणारी. मार्गोटही रोजनिशी लिहीत होती. १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये दोघी बहिणी एकमेकींची वही वाचू देण्याविषयी बोलल्या, असे अ‍ॅननेच नोंदविले आहे. परवानगी मागून वाचणारा, बदल्यात आपली वही पुढे करणारा हा या पुस्तकातला बहुधा एकमेव आदर्श वाचक. मार्गोटची वही सापडली नाही. तिला काय वाटत होते, आईचा तिलाही राग येत होता का, शांत असणे ही तिची प्रकृती होती की तडजोड, हे आता कुणालाच कळणार नाही. बेर्गेन-बेल्सेनमध्ये दोघी बहिणी थोड्याच दिवसांच्या अंतराने गेल्या.

पालकी वाचनाला अ‍ॅन पुस्तकाच्या कपाटात हवी असते; घरात हवी असते ती मार्गोट. आणि घरातल्या त्या शांत मुलीची वही कोठे आहे, हा प्रश्न त्याला कधी पडत नाही.